तेरा जपानणी आणि माझी आत्या

बायकांकडे इतकं टक लावून बघणारा आणि तरीही मनाने इतका निर्मळ असलेला माणूस अख्ख्या कृष्णाकाठावर दुसरा झाला नसेल, हे मी माझ्या आत्याच्या यजमानांबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. यातला पहिला भाग साऱ्या गावाला मान्य होता. दुसरा भाग गावाला पटवून देता देता त्यांची निम्मी हयात गेली, आणि घरात तर तो पटवून द्यायचा राहिलाच होता. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मी त्यांना मामा म्हणे. गावाला ते सुभेदार. कुंडलच्या पुढे नदीकडेच्या एका गावात त्यांचा चार एकर ऊस होता, पलटणीची पेन्शन होती, एकुलता एक मुलगाही पलटणीतच होता, आणि ओसरीवरच्या कोनाड्यात बिस्किटांचा एक चपटा पत्र्याचा डबा होता. घराला मामा कधी कुलूप लावत नसत. डब्याला लावत. डब्यात तेरा जपानी बायका होत्या.

महायुद्ध संपलं तेव्हा मामांची पलटण जपानात पहाऱ्याला गेली होती. तिथून परतताना बाकीच्यांनी घड्याळं आणली, रेशमी कापड आणलं, एकाने तर फुलाफुलांच्या कपबशा सगळा समुद्रप्रवास मांडीवर घेऊन आणल्या. मामांनी तेरा कागद आणले. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, त्यावर रंग लावायचा, वर कागद ठेवून घासायचा आणि चित्र उठवून घ्यायचं, अशी ती जुनी जपानी छापाची चित्रं. एका पडक्या गावात एक म्हातारा उरलेल्या अर्ध्या दुकानात ती घेऊन बसायचा. त्याला पैसे नको होते, साखर हवी होती. मामांना शिध्यात साखर मिळे. ती पुडीत बांधून न्यायची आणि एक बाई घेऊन यायचं, असा क्रम वर्षभर चालला. 'बाई घेऊन यायचं' हे त्यांचेच शब्द, आणि ते चारचौघांत खणखणीत आवाजात म्हणायला त्यांना काही वाटत नसे. चहातली साखर तेव्हा सुटली ती कायमचीच. आमच्या उसाच्या मुलखात पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर माणसं वर्षभर मनात धरतात. तिथे मामा कुणाच्याही दारात पाऊल टाकायच्या आधी 'बिनसाखरेचा' म्हणून ओरडत, आणि निम्म्या सोयऱ्यांना वाटे की सुभेदार कशावरून तरी रुसलेत.

चित्रं बघायची तर त्याचे कायदे होते. हात कोपरापर्यंत धुवायचे, पुसायचे, मग पंजे पुढे करायचे. मामा ते उलटसुलट करून नखांसकट तपासणार. मग घोंगडीवर मांडी घालून बसायचं, चित्रावर वाकायचं नाही, आणि शिंक येत असेल तर आधी सांगायचं. लहानपणी मी हा सोपस्कार इतक्या वेळा केला की शाळेत तपासणीला आलेले साहेब मला कधी भीतिदायक वाटले नाहीत. पुढे मी सांगलीच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर झालो, त्याचं श्रेय म्हणा की दोष म्हणा, त्या डब्याकडेच जातो. डब्यात काय होतं? एक बाई केस विंचरत होती. एक ओल्या कापडाचं टोक दातात धरून पिळत होती. एक चूल फुंकत होती, धुराने डोळे मिटलेले. एक पोराला पाजत होती, एक तिरक्या पावसात तिरकी छत्री धरून चालली होती, एक पायाची नखं कापत होती. त्यांचे झगे मात्र असे, की निळा रंग बघून तहान भागावी. गावातल्या भिंतींवर तेव्हा कॅलेंडरातले देव असत, नाहीतर पुढारी. त्यामुळे पहिल्यांदा बघणारा माणूस हटकून गोंधळे. एका म्हाताऱ्याने नखं कापणारीकडे बराच वेळ बघून विचारलं होतं, "सुभेदार, ही बाई हाय तरी कोण?"

"कोण न्हाई. बाई हाय."

"मग चितार कशापायी काढलं हिचं?"

"नखं कापतीया म्हणून," मामा म्हणाले, आणि याउपर त्यात समजावून सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना अजिबात वाटलं नाही.

प्रकरण डब्यात राहिलं असतं तर गावाची काही तक्रार नव्हती. पण वर्षानुवर्षं त्या तेरा जणी बघून मामांना एक खोड जडली. जित्या बायकाही त्यांना तशाच दिसायला लागल्या. वाटेने जाताना कुणी डोक्यावरची घागर उतरवताना दिसो, कुणी उंबऱ्यावर पोराच्या डोक्यातल्या उवा मारताना दिसो, मामा जागच्या जागी उभे राहत आणि त्यांच्या तोंडून कवायतीच्या मैदानावरची आरोळी निघे, "थम!" बाई दचकून खरंच थबके. मग मामा जरा मऊ आवाजात सांगत की हात तसाच राहू दे, मान हलवू नकोस. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून ते बघत राहत, आणि मनासारखं बघून झालं की 'चालू द्या' म्हणून निघून जात. आत्याच्या तव्यावरच्या भाकऱ्या या थमपायी किती करपल्या त्याची गणतीच नाही. करपलेली भाकरी मामा स्वतः खात, आणि खाताना 'मनगाट लय सुरेख वळलं हुतं' म्हणत. आत्या कालवण वाढून निघून जाई.

एकदा मात्र हे थम अंगाशी आलं. सरपंचांची नवी सून नदीवर धुणं धूत होती आणि मामांनी तिला पाठीमागून थांबवलं. ती पोर शिराळ्याकडची. नागपंचमीला जिवंत नाग बघत वाढलेली, ती सुभेदाराला काय भिणार? तिने हातातलं साबणाचं ओलं लुगडं उलट फिरून मामांच्या तोंडावर मारलं. संध्याकाळी चावडीत माणसं जमली. सरपंचांचं तोंड उतरलेलं, कारण मामांचा मान मोठा आणि सुनेची तक्रारही खोटी नव्हे. मामा आले ते काखेत डबा घेऊन. आधी त्यांनी सरपंचांना हात धुवायला लावले. मग कापड पिळणारी पुढे ठेवली आणि म्हणाले, "मी हे बघत हुतो." सरपंचांनी बघितलं, आणि घरधनिणीला बोलावलं; तिने सुनेला बोलावलं. सून कमरेवर हात ठेवून चित्राकडे बघत राहिली. तिने पहिला शेरा मारला तो असा, की ही बाई पिळा उलटा घालतेय, हिचं कापड दिवाळीपर्यंत वाळायचं नाही. चावडी हसली आणि खटला तिथेच निकालात निघाला. पुढच्या आठवडाभरात गावातल्या झाडून सगळ्या बायका हात धुऊन डबा बघून गेल्या. तेव्हापासून वाटेत मामा दिसले की त्याच आपण होऊन म्हणत, "बघा सुभेदार, पर बिगीनं बघा, कामं पडल्यात."

साऱ्या गावाने ती चित्रं बघितली. बघितली नाहीत ती एकट्या माझ्या आत्याने. मामा जपानहून परतले त्या दिवशी सगळी भावकी ओसरीवर जमली होती. मामांनी मोठ्या हौसेने तेरा कागद घोंगडीवर मांडले, आणि भावकीतल्या एका फटकळ म्हातारीने दाराआड उभ्या असलेल्या आत्याकडे बघत विचारलं, "ह्यातली हिची सवत कंची?" सगळे हसले. मामाही हसले. तेवढंच चुकलं. आत्या तेव्हा जेमतेम विशीची, नवऱ्याची चार वर्षं वाट बघितलेली. ती आत गेली, आणि त्या डब्याकडे तिने पुन्हा डोळे वर करून पाहिलं नाही. भांडली नाही, रडली नाही, माहेरी निघून गेली नाही. रोज झाडताना डब्यावरची धूळ पुसायची. डबा उघडा दिसला की तोंड फिरवून परसात जायची. मामांनी सत्तावीस वर्षांत शपथा घेतल्या, देवाच्या घेतल्या, पलटणीच्या निशाणाच्या घेतल्या. "अगं, ह्या बायका मरून शंभर वर्सं झाली," असं ते काकुळतीला येऊन सांगत.

"मेल्यात तर त्यास्नी कुलपात कशाला ठिवलंय?" आत्या विचारी.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मला सांगलीत मामांचं पोस्टकार्ड आलं. मामांची कार्डं म्हणजे पलटणीतले हुकूम. 'शनिवारी दुपारच्या गाडीने हजर होणे. पेन्सिली आणणे. मुक्काम रविवार सायंकाळपर्यंत. आईला कळवणे.' मी हजर झालो. मामा मला उसाच्या बांधावर घेऊन गेले आणि इकडे तिकडे बघून म्हणाले, "चौदावी काढायची. तुझी आत्या. सुपानं पाखडताना." चित्र मी काढायचं, फळी ते कोरणार, छाप ते उठवणार. मी विचारलं, हे कशासाठी? मामा बांधावर टेकले. "तिला तिचं चितार दिसलं म्हंजे कळंल, मी ह्या समद्या बायकांत काय बघतूय ते. मग ती डबा उघडंल. मला दुसरं कायबी नगं गड्या. तिनं एकदा डबा उघडून बघावं." एवढं बोलून तो मिशाळ माणूस बांधावरचं गवत उपटत बसला. एरवी मला हसू आलं असतं, त्या दिवशी आलं नाही.

मग जे सुरू झालं त्याला मामा 'मोहीम' म्हणत. फळी मिरजेहून आली. सतारी-तंबोरे करणाऱ्या एका कारागिराकडे मामांनी तंबोऱ्याचं लाकूड मागितलं, आणि ते कशाला म्हणून त्याने विचारल्यावर 'बायको कोरायची हाय' असं सरळ सांगितलं. त्या भल्या माणसाने मामांना बसवून पाणी दिलं. खुलासा झाल्यावर त्याला राग आला, कारण जे लाकूड गायला जन्मलं त्याला कोरून काढायचं हे त्याच्या मनाला पटेना. शेवटी सुरात न बोलणारी एक फळी त्याने बाजूला टाकली होती, ती दिली. गावच्या सुताराच्या पटाश्या या कामाला फार मोठ्या निघाल्या. मामांनी छत्रीची एक काडी तोडून बघितली. ती पन्हळीसारखी पोकळ असते, टोक घासून धार लावली की बारीक कोरायला नामी. त्या पावसाळ्यात घरातल्या तिन्ही छत्र्या गेल्या, मग शेजारच्या गेल्या, आणि शेवटी मी सांगलीहून आणलेली, जी मी अंगणात वाळत ठेवली होती, तीही गेली. मी पोत्याची खोळ पांघरून गाडी पकडली.

आत्या चित्रासाठी बसणार नाही हे उघड होतं. मामांनी तिला सांगितलं की तुझ्या भाच्याची आणखी वरची परीक्षा आहे. भाच्यासाठी आत्या विहिरीत उडी मारायला तयार, पण काम थांबवायला तयार नव्हती. तेव्हा ती पाखडत राही आणि मी तिला तुकड्यातुकड्यांनी काढी. एका शनिवारी सुपावरची बोटं, दुसऱ्या शनिवारी मान, तिसऱ्या शनिवारी कमरेला खोचलेला ओचा. मामा माझ्या पाठीमागे उभे राहून दबक्या आवाजात हुकूम सोडत. त्यांचा सगळा जीव दोन गोष्टींवर होता. एक म्हणजे सुपातून वर उडालेले दाणे, त्यातला एकही कमी होता कामा नये. दुसरी म्हणजे आत्याचा तीळ. तिच्या डाव्या गालावर, ओठाच्या जरा वर, मसुराएवढा तीळ होता. "तीळ म्हंजे निशाण," मामा म्हणत, "निशाण चुकलं की पलटण चुकली." काळं उठायला हवं ते लाकूड तसंच ठेवायचं आणि बाकीचं कोरून काढायचं, अशी ही कला. म्हणजे हवेतला एकेक दाणा वाचवत त्याच्या भोवतीचं लाकूड उकरायचं. मामा चार महिने ओसरीवर फळी मांडीत घेऊन बसले. आत्या येताना दिसली की फळीवर धोतर पांघरत. यातून व्हायचं तेच झालं. एका रविवारी आत्याने मला परसात गाठलं आणि मामा काय कोरतात म्हणून विचारलं. मी शपथेने बांधलेला. मला ठाऊक नाही म्हटलं. "मला हाय ठाव," ती म्हणाली, "त्यास्नी तेरा कमी पडल्या." ती चेष्टेने बोलली असावी असं मी स्वतःला समजावलं, पण त्या दिवशी तिच्याकडून मला शेंगांची पिशवी भरून द्यायची राहिली, आणि ती कधी राहत नसे.

छाप उठवायचा दिवस दसऱ्याच्या पुढेमागे आला. दिव्याच्या काजळीत भाताची खळ कालवून शाई केली. जपानी लोक कागद घासायला बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती वापरतात. मामांनी वाटीला मक्याच्या कणसाचं पान बांधलं. सरपंचांची शिराळ्याकडची सून कडेवर पोर घेऊन आली होती, आणखी चार बायका होत्या. मामांनी आत्याला बोलावणं धाडलं की तू आल्याशिवाय कागद उचलणार नाही. ती पदराला हात पुसत आली आणि खांबापाशी उभी राहिली. मामांनी वाटी घासली, दोन्ही कोपरे धरले, आणि कागद सोलून वर घेतला. आत्याच होती. तीच हनुवटी, तोच ओचा, हवेत दाणेच दाणे. मग सून म्हणाली, "आत्याबाईंचा पदर उजव्या खांद्यावर कसा वो?"

आत्याने हात उचलून स्वतःच्या डाव्या गालाला लावला. चित्रातला तीळ उजव्या गालावर होता. "ही मी न्हवं," ती अगदी शांतपणे म्हणाली. "तिकडलीच हाय कुणीतरी. त्वांड तेवढं माझं लावलंय." आणि ती आत गेली.

फळीवर जे कोरावं त्याच्या उलटं कागदावर उठतं, हे पोस्टातला शिक्का बघितलेल्या माणसालाही कळतं. सत्तावीस वर्षं तो डबा उराशी धरणाऱ्या मामांना ते सुचलं नाही. डिप्लोमा घेतलेल्या ड्रॉइंग मास्तरालाही नाही. मी दरवर्षी पाचवीच्या पोरांना भेंडीचे ठसे शिकवत होतो, पण भेंडीचं बरं असतं, ती दोन्हीकडून सारखीच. मामांनी दाढीचा आरसा आणून चित्रासमोर धरला. आरशात पदर डावीकडे आला, तीळही आला. मग ते आतल्या दारापाशी जाऊन आत्याची विनवणी करू लागले की एकदा आरशात बघ. "आरशात बघितल्यावर मीच दिसंन, त्यात नवाल काय?" आतून उत्तर आलं. मला इतकी लाज वाटली की मी मुक्काम न करता त्याच दुपारी निघालो.

फळी उलटी करून मागच्या बाजूवर पुन्हा कोरायची असं मामांनी ठरवलं, आणि त्याच सुमारास ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाले. मी त्यांना मिरजेला दाखवायला नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, थेंब घालून उरलेली टिकेल तेवढी टिकेल, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मामांनी कवायतीसारखं ताठ बसून ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, की उलटं चित्र किती दिवसांत काढून देतोस? मी तेलकट कागदावर उलटं उतरवून दिलं, या वेळी चार वेळा तपासून. कोरायचं काम मी करतो असंही म्हणालो. मामांनी नकारार्थी मान हलवली. "तू कोरलंस तर ती तुझी आत्या व्हईल," ते म्हणाले. "ती माझी बायकू व्हाया पायजे."

दुसरी बाजू कोरायला दहा महिने लागले. आधी डोळ्यांनी, मग डोळ्यांनी आणि बोटांनी, शेवटी नुसत्या बोटांनी. दाणे विरळ होत गेले. फळीवर धोतर टाकायचं मामांनी सोडून दिलं होतं, कारण आत्या केव्हा येते हे त्यांना दिसेनासं झालं होतं. ती जवळच निवडत बसायची. फळीकडे बघायची नाही, पण त्यांच्या हातांकडे बघायची. छत्रीच्या काड्या चाचपताना त्यांचा हात भलतीकडे गेला की हवी ती काडी पुढे सरकवायची. बोट कापलं की हळद दाबून धरायची. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. मी शनिवारी जाऊन ओसरीच्या टोकाला बसे. एके काळी मला या दोघांच्या भांडणाची मजा वाटायची, आणि आता मी नेमका कशासाठी देवाला हात जोडतोय हेही मला उमगत नव्हतं.

दुसरा छाप उठला तेव्हा आम्ही तिघंच होतो. शाई मी लावली, घासलं मामांनी. कागद उचलून त्यांनी आत्याच्या दिशेने, जरासा चुकीच्या बाजूला, पुढे धरला. "बघ," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई. तुलाच सांगाया लागंल."

आत्याने कागद घेतला, पण बघितला नाही. तो तिने बाजूला ठेवला आणि किल्ली मागितली. मामांनी कमरेची किल्ली काढून दिली. आत्याने डबा खाली घेतला, उघडला, आणि एकेक करून ती चित्रं बघू लागली. घाई नव्हती. एकेका कागदापाशी ती एवढा वेळ थांबे की मला दोन वेळा उठून पाणी प्यावं लागलं. मामा कागदांची सळसळ ऐकत, मान ताठ करून, निकाल ऐकायला बसल्यासारखे बसले होते. पाजणारीपाशी आत्या म्हणाली, "हिचं ध्यान लेकराकडं न्हाई. चुलीवर कायतरी ठिवलंय हिनं." छत्रीवालीला म्हणाली, ही माहेरी निघालीय. तेरावं चित्र खाली ठेवून तिने सगळ्यांच्या कडा जुळवल्या.

"समद्या आपापल्या कामातच हायत की ह्या," ती म्हणाली.

"तेच तर सांगतूय मी."

"मग त्या दिशी हसला कशाला?"

मामांनी इतक्या वर्षांच्या शपथा, दाखले, युक्तिवाद काही काढलं नाही. मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चुकलं माझं." मग घाबरत घाबरत विचारलं, "आन चौदावी? तू हाईस का?"

आत्याने नवा कागद उजेडात धरला. "मीच हाय."

"पदर?"

"डाव्या खांद्यावर."

"तीळ?"

"हाय," आत्या म्हणाली. "डाव्या गालावर. हाय तितं."

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. पदर डाव्या खांद्यावर होता. हात जरा जाड आले होते, सूप वाकडं झालं होतं, हवेत मोजून नऊ दाणे उरले होते. तीळ नव्हता. तिथे छत्रीची काडी घसरली होती आणि तेवढं लाकूड उडून गेलं होतं. गाल कोरा पांढरा होता. आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पोरांची रेष वाकडी गेली तर मार्क कापणारा मी ड्रॉइंग मास्तर, मी तोंड उघडलं नाही. मामा हसत होते आणि त्यांना ते हसणं आवरत नव्हतं.

त्यानंतर मामा सहा-सात वर्षं होते. दुपारी जेवणं झाली की आत्या डबा काढी आणि त्यांना चित्रं सांगे. आता दोघंही नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते. माझी मुलं मोठी झाल्यावर आणि मी शाळेतून निवृत्त झाल्यावर तर जास्तच. तेरा जणी मामांच्या मुलाकडे आहेत, चौदावी त्याने मला दिली. ती माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे. कधीतरी मी बारीक ब्रश घेतो, शाईत बुडवतो, टोक नीट करतो. एक ठिपका टाकायचा, एवढंच काम आहे, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मग वाटतं, जिचा गाल आहे तिला तो तिथे दिसला होता, आणि ज्याने कोरला त्याने तिच्या तोंडून ऐकला होता. मी कोण मधे? मी ब्रश धुऊन ठेवतो.